‘ऑलिंपिकला गेली का?’ आणि असे इतर प्रश्न

कोल्हापुरात खेळावर मत नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. खासबागेतली कुस्ती, पेठापेठांतला फुटबॉल, आणि गेल्या वीस वर्षांत त्यात नेमबाजीची भर. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे. एका जिल्ह्यातून एवढी नावं निघाल्यावर नेम धरण्याच्या खेळातलं आपल्याला आता कुणी काही शिकवायला नको, असं कोल्हापूरकराला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही.

धनुष्यबाणाचा विषय निघाला की मात्र हे ज्ञान उघडं पडतं. त्या खेळातलं आपल्या भागातलं मोठं नाव कोल्हापूरचं नाही, साताऱ्याचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडी गावची अदिती स्वामी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाऊंड प्रकाराच्या अंतिम लढतीत तिनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. तेव्हा तिचं वय होतं १७. ही स्पर्धा १९३१ पासून भरते आहे, आणि तिच्यात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारी अदिती पहिली भारतीय. मुलींमधली पहिली, असं नव्हे. पुरुषांतही तिच्याआधी कुणी नव्हतं. नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला तो त्याच दिवशी, पण तिच्यानंतर.

एवढं होऊनही तिच्याबद्दल, आणि एकूणच परदेशी मैदानावर नेम धरणाऱ्या आपल्या मुलींबद्दल, कट्ट्यावर जी वाक्यं ऐकू येतात ती वर्षानुवर्षं तीच आहेत. काही अर्धी खरी आहेत. काही साफ चूक.

“रक्तातच असावं लागतंय ते. नाहीतर पाण्याचा गुण!”

धनुर्विद्या म्हटलं की आपली गाडी थेट महाभारतात जाऊन थांबते. पुरस्कारसुद्धा अर्जुनाच्या नावाचा. २०२३ सालचा तो अदितीला आणि ओजसला मिळालाही. पण अदितीच्या घरात त्याआधी कुणी धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. वडील शाळेत गणित शिकवतात, आई ग्रामसेविका. पोरीनं एखादा तरी खेळ खेळावा म्हणून वडील तिला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले (आपल्या नव्हे, साताऱ्याच्या). कुणी फुटबॉल खेळत होतं, कुणी पळत होतं, आणि एका कोपऱ्यात थोडी मुलं बाण सोडत होती. अंगानं किरकोळ असलेली ही मुलगी त्या कोपऱ्यात रमली. पुढचं सगळं प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली झालं, उसाच्या फडांशेजारच्या मैदानावर.

ओजस नागपूरचा, पण तोही याच सावंतांकडे शिकायला साताऱ्याला येऊन राहिला. विद्या रक्तात असती, तर त्याला सातशे किलोमीटर लांब यायचं कारण नव्हतं.

कोल्हापूरच्या पाण्याचंही तसंच. तेजस्विनीच्या हातात रायफल आली त्याच्यामागे पंचगंगा नव्हती, जयसिंग कुसाळे नावाचे प्रशिक्षक होते. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दोन सुवर्णपदकं मिळवली तेव्हा राही सरनोबत शाळेत होती, आणि आपल्याच गावची मुलगी तिथवर जाते हे बघूनच ती या खेळाकडे ओढली गेली. एक शिकवणारा, एक मैदान आणि पुढं गेलेली एक ताई. पाण्याचा गुण म्हणतात तो बहुधा या तिघांत मिळून असतो.

एकलव्याचं नाव घेणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. बांबूच्या धनुष्याचा खेळ आपल्याकडे अजून आहे. त्याला ‘इंडियन राउंड’ म्हणतात, राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा वेगळा गट असतो आणि पुष्कळ मुलं सुरुवात तिथूनच करतात, कारण ते धनुष्य परवडतं. पण जागतिक स्पर्धेच्या मैदानावर त्याला जागा नाही. तिथे रिकर्व्ह किंवा कंपाऊंड. बांबूच्या धनुष्यावर जिल्ह्यात पहिला आलेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना हे बऱ्याचदा उशिरा कळतं.

“कंपाऊंड म्हणजे मशीन. बटण दाबलं की बाण दहात.”

हे वाक्य धनुर्विद्येतलीच माणसंही म्हणतात, रिकर्व्हवाली विशेष करून. त्यामुळे जरा थांबून बघायला हवं.

यंत्र आहे, हे खरंच. कंपाऊंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना लंबगोल चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढायला लागलं की पहिल्यांदा सगळं वजन हातावर येतं. ओढ एका टप्प्यापलीकडे गेली की कॅम फिरतात आणि हातावर वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा तेवढा उरतो. दोरीत डोळ्यासमोर येईल असं बारीक छिद्र असतं, त्याला पीप म्हणतात. पुढच्या बाजूला स्कोप, त्यात भिंग, आणि भिंगाखाली गवंड्याच्या लेव्हलमध्ये असतो तसा पाण्याचा बुडबुडा, धनुष्य कलतंय का ते दाखवणारा. दोरी बोटांनी सोडायची नसते, हातातल्या रिलीज नावाच्या छोट्या कळीनं सोडायची. रिकर्व्हवाल्याकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्याची दोरी बोटांतून सुटते आणि पूर्ण ओढीचं वजन शेवटपर्यंत अंगावर राहतं.

मग कंपाऊंड सोपं? लक्ष्य बघा. रिकर्व्हला अंतर ७० मीटर आणि दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. कंपाऊंडला अंतर ५० मीटर, पण दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. भागाकार केला तर रिकर्व्हला दर मीटरमागे साधारण १.७४ मिलिमीटरची जागा मिळते, कंपाऊंडला १.६. अंतर कमी केलं, पण लक्ष्य त्याहून जास्त आवळलं.

यंत्रानं चुका कमी केल्या, त्यामुळे उरलेल्या चुकीची किंमत वाढली. लढतीत १५ बाण, जास्तीत जास्त १५० गुण. अदितीचे १४९ म्हणजे १४ वेळा दहा आणि एकदा नऊ. बेसेराला १४७ गुण मिळूनही सोनं मिळालं नाही. उपांत्य फेरीत विजयवाड्याची ज्योती सुरेखा वेन्नम, जगातल्या अव्वल कंपाऊंड खेळाडूंपैकी एक, अदितीपुढे १४५ वर थांबली. टक्क्यांच्या हिशोबात ते ९६ टक्क्यांच्या वर झाले, आणि तेवढ्यात ती सुवर्णाच्या शर्यतीतून बाहेर. त्याच दिवशी ओजसनं अंतिम फेरीत पूर्ण १५० मारले. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे १४९ होते. रिकर्व्हमध्ये सेट असतात, एखादा सेट वाईट गेला तरी पुढच्या सेटला पाटी कोरी होते. कंपाऊंडमध्ये तसं नाही. गुणांची बेरीज पहिल्या बाणापासून शेवटच्यापर्यंत चालते, आणि दुसऱ्या बाणाला गेलेला एक गुण पंधराव्या बाणापर्यंत मानगुटीवर बसून राहतो.

आता एक बाण जवळून बघू. लढतीत दोघी आळीपाळीनं बाण मारतात, आणि आपली पाळी आली की घड्याळ २० सेकंदांवरून उलटं पळायला लागतं. बाणाची खाच दोरीवर, रिलीजची कळ दोरीच्या फासात. धनुष्य उचललं, ओढलं. सुरुवातीच्या वजनाची ती अवघड खिंड खांद्यापाठीनं पार केली की दोरी एका ठिकाणी टेकते, तिला खेळाडू ‘वॉल’ म्हणतात. हात जबड्याला नेहमीच्या जागी लागला पाहिजे, नाकाचं टोक दोरीला. पीपच्या गोलात स्कोपचा गोल बसवायचा, बुडबुडा मधे आणायचा. आणि आता भिंगातून दिसणारा तो पिवळा गोल स्थिर नसतो, हलत असतो. सगळ्यांचाच हलतो. नवख्या मुलांना वाटतं तो स्थिर झाला की कळ दाबायची. इथेच घोटाळा होतो. भिंगावरचा नेमाचा ठिपका मधे आला रे आला की बोट आपोआप कळ दाबून मोकळं होतं, पुढं पुढं तर मधे यायच्या आतच दाबतं, आणि मग ठिपका मधे आणायचीच भीती बसते. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. चांगले चांगले खेळाडू त्यात वर्षं घालवतात. शिकवतात ते उलटं: ठिपका हलू दे, तू पाठीचे स्नायू आवळत राहा, कळ केव्हा सुटेल हे तुझं तुलाही कळता कामा नये. बाण सुटल्यावर तो अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात पोचतो, तेवढा वेळ हात जिथे आहे तिथेच. शिवाय वारा आला तर दहावर नेम धरून चालत नाही, वाऱ्याच्या अंगाला थोडा सरकवून धरावा लागतो. किती, ते भिंग सांगत नाही.

बटण दाबायचं असतं हे कबूल. न दाबता ते दाबलं जावं, हे शिकायलाच बहुतेक आयुष्य जातं.

“डोकं थंड असलं की झालं. ह्यात अंगमेहनत कुठाय?”

तालमीत वाढलेल्या गावाला घाम दिसल्याशिवाय खेळ पटत नाही. पण हिशोब करा. कंपाऊंड धनुष्याची ओढ नियमानं जास्तीत जास्त ६० पौंड. मुलीचं धनुष्य ५० पौंडांच्या आसपास धरलं तर साधारण साडेबावीस किलो. पात्रता फेरीत ७२ बाण. म्हणजे एका सकाळी दीड टनाहून जास्त वजन एकाच बाजूच्या खांद्यानं ओढायचं, सरावाचे बाण वेगळे, आणि त्यानंतर बाद फेरीच्या लढती. सगळ्या ओढी सारख्याच झाल्या पाहिजेत. पाठ थकली की लक्ष्यावरचा बाणांचा गट पसरायला लागतो. जून २०२३ मध्ये कोलंबियातल्या मेडेलिनच्या विश्वचषकात अदितीनं या ७२ बाणांत ७२० पैकी ७११ गुण मिळवले, तो १८ वर्षांखालील जागतिक विक्रम ठरला. त्यात शेवटचा बाणही पहिल्यासारखाच जावा लागतो.

नेमबाजीतही तेच. राहीचा प्रकार २५ मीटर पिस्तूल: हात सरळ ताणून, एकाच हातानं. त्यात कोपर दुखावलं आणि मोठा काळ ती स्पर्धेबाहेर राहिली. परत आल्यावर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाली, एका शूटऑफनं भागलं नाही, दुसरा घ्यावा लागला, आणि ती जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला.

तेजस्विनीच्या प्रकाराबद्दल तर मी थट्टाही ऐकली आहे: पालथं पडून गोळ्या मारायच्या, झोपूनच की! प्रोन म्हणजे पालथं पडूनच, खरं आहे. जाड, ताठ कोट अंगात. रायफलचा पट्टा डाव्या दंडाला आवळलेला, इतका की दंडातली नाडी रायफलीत उतरते आणि दृष्टीसमोरचं लक्ष्य ठोक्याठोक्याला उडतं. ५० मीटरवरच्या त्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे सेंटिमीटर चालत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला तिनं ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीतली पहिली भारतीय महिला विश्वविजेती झाली. साठ ठोके चुकवून साठ गोळ्या. झोपून बघा कुणीतरी.

“कोरियाच्या पोरींपुढं कुणाचं काय चालत नाही.”

रिकर्व्हमध्ये हे खरं असल्यासारखंच आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांची सांघिक स्पर्धा १९८८ ला सुरू झाली, तेव्हापासून पॅरिसपर्यंत प्रत्येक वेळी कोरियाच. वैयक्तिकमध्येही १९८४ पासून एकच खंड पडला, आणि तो पाडला एका चिनी मुलीनं. १४ ऑगस्ट २००८, बीजिंग. झांग ज्युआनज्युआननं उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरीत एकामागून एक तिन्ही कोरियन खेळाडूंना हरवलं. शेवटच्या लढतीत आधीच्या ऑलिंपिकची विजेती पार्क सुंग-ह्यून ११०-१०९ अशी मागे पडली. एका गुणाचा फरक. पुढच्या ऑलिंपिकपासून पुन्हा कोरिया.

झांगचं उदाहरण आपण फार वापरत नाही, वापरायला हवं. कारण तिथून दिसतं की कोरियाची मक्तेदारी म्हणजे हवामान नव्हे. आणि त्यासाठी बीजिंगपर्यंत जायचंही कारण नाही. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडच्या लिमरिकमध्ये युवा जागतिक स्पर्धा झाली. तिथे साताऱ्याच्या पार्थ साळुंखेनं २१ वर्षांखालील रिकर्व्हमध्ये अंतिम लढतीत कोरियन मुलालाच हरवलं, आणि त्याच स्पर्धेत अदिती १८ वर्षांखालील कंपाऊंडची विजेती झाली. बर्लिन त्यानंतर महिन्याभरातच.

कंपाऊंडमध्ये तर चित्रच निराळं. तिथे भारत हाच धास्ती वाटावी असा देश आहे. अदिती, ज्योती आणि पंजाबची परनीत कौर या तिघींनी बर्लिनला मेक्सिकोला २३५-२२९ असं हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. धनुर्विद्येच्या जागतिक स्पर्धेत भारताचं ते पहिलंवहिलं सुवर्ण, अदितीच्या वैयक्तिक विजयाच्या आदल्या दिवशीचं. त्याच वर्षी चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तैवानविरुद्ध २३०-२२९. पुन्हा एकच गुण. २०२४ ला शांघाय, येचॉन आणि अंताल्या, विश्वचषकाच्या लागोपाठच्या तीन टप्प्यांत सुवर्ण, आणि त्यातलं येचॉन तर कोरियातच.

“पैसेवाल्यांचा नाद आहे हा.”

सामान महाग आहे, यात वाद नाही. धनुष्य, स्कोप, रिलीज, बाण, सगळं बाहेरून येतं आणि हिशोब लाखांत जातो. एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते: नेम जितका चांगला, तितके बाण जास्त मोडतात, कारण एकाच जागी लागलेले बाण एकमेकांवर आपटतात.

पण महाग आहे म्हणून खेळणारे पैसेवाले आहेत, असं होत नाही. अदितीच्या घरच्यांनी मुलीच्या सरावासाठी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि सामानासाठी कर्ज काढलं. सरकारी मदत येते, पण पदकानंतर. त्याआधीची चार-पाच वर्षं दोन पगारांवर काढायची असतात, आणि दोन पगार नसलेल्या घरातली मुलगी याच टप्प्यावर गळते. तिचं नाव आपल्याला कधी कळत नाही.

“एकदा जगात पहिली आली, आता काय, सोनंच सोनं. आणि लग्न झालं की संपलं.”

ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, तरी एकाच तोंडातून येतात.

बर्लिननंतर दोनच महिन्यांत हांगझोऊला अदिती पुन्हा उपांत्य फेरीत ज्योतीसमोर उभी राहिली आणि या वेळी हरली. ज्योतीनं पुढे कोरियाच्या खेळाडूला हरवून सुवर्ण घेतलं. अदितीनं इंडोनेशियाच्या मुलीला हरवून कांस्य. लोकांना वाटलं पोरगी घसरली. जगातल्या पहिल्या पाच-सहा जणींत अंतर दर सामन्याला एक-दोन गुणांचं असतं, एवढाच त्याचा अर्थ. ज्या खेळात ९६ टक्क्यांना बाहेर जावं लागतं, तिथे कुणीच सलग जिंकत नाही.

वयाचं म्हणाल तर तेजस्विनीचा जन्म १९८० चा. राष्ट्रकुल स्पर्धेतली पहिली सुवर्णपदकं पंचविशीत, विश्वविजेतेपद तिशीला टेकताना. २०१८ साली गोल्ड कोस्टला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये पुन्हा सुवर्ण आणि प्रोनमध्ये रौप्य, तेव्हा ती ३७ वर्षांची होती, लग्नही झालेलं होतं. मेलबर्न ते गोल्ड कोस्ट १२ वर्षं. क्रिकेटपटूच्या बाबतीत याला आपण प्रदीर्घ कारकीर्द म्हणतो; नेमबाजाच्या बाबतीत ‘अजून खेळते होय?’ म्हणतो.

“ते सगळं ठीक आहे. पण ऑलिंपिकला गेली का?”

हा प्रश्न तेजस्विनीला अकरा वर्षं विचारला गेला आणि आता अदितीबद्दल विचारला जातो. विचारणारा वाईट मनाचा नसतो. त्याला एक साधी गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे खेळ आणि ऑलिंपिकची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेजस्विनी विश्वविजेती झाली ती महिलांच्या ५० मीटर प्रोनमध्ये. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी नव्हताच. पुरुषांसाठी होता, तोही रिओनंतर काढून टाकला. म्हणजे जगात पहिली येऊनही २०१२ च्या लंडनला जायला तिला ते पदक उपयोगाचं नव्हतं. एक तर १० मीटर एअर रायफल, नाहीतर थ्री पोझिशन्स: गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. पालथ्यात जगज्जेती असलेल्या बाईनं उरलेल्या दोन पोझिशन्स वर्षानुवर्षं घोटल्या. लंडन हुकलं, रिओ हुकलं. त्यातच २०१८ पासून जागतिक नियम बदलले आणि थ्री पोझिशन्समध्ये महिलांच्या ६० गोळ्यांच्या १२० झाल्या, पुरुषांइतक्याच. बरोबरीचा तो नियम योग्यच होता, पण पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूला गुडघ्यावर आणि उभं राहून दुप्पट गोळ्या मारायला लागल्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दोह्याच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ती चौथी आली आणि टोकियोची जागा मिळाली. करोनानं ते ऑलिंपिक वर्षभर लांबलं. जुलै २०२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती पहिल्यांदा ऑलिंपिकच्या रेंजवर उतरली आणि पात्रता फेरीत ३३ वी आली.

पेपरात ‘तेजस्विनीकडून निराशा’ छापाचे मथळे वाचले तेव्हा मला त्या मथळ्यांचाच राग आला होता, अजून आहे. विश्वविजेतेपदाच्या वेळी ज्यांना प्रोन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांना ३३ हा आकडा मात्र लगेच समजला.

अदितीची अडचण थोडी निराळी. ऑलिंपिकमध्ये १९७२ ला धनुर्विद्या परत आली ती रिकर्व्हपुरती, आणि पॅरिसपर्यंत तेवढीच राहिली. २०२४ ला पॅरिसमध्ये भारताचे धनुर्धर हात हलवत परतले तेव्हा ‘ती साताऱ्याची विश्वविजेती काय करत होती?’ असं विचारणारे भेटले. ती तिथे नव्हतीच, तिचा प्रकारच तिथे नव्हता. ‘मग रिकर्व्ह का नाही घेत?’ असंही लोक सहज विचारतात. वरचं सगळं वाचल्यावर लक्षात येईल की ते धनुष्य बदलणं नाही, बोटांपासून पाठीपर्यंत सगळं विसरून पुन्हा शिकणं आहे. तेजस्विनीला निदान तीच रायफल आणि तीच गोळी चालत होती.

एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ठरवलं, की २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाऊंड असेल. वैयक्तिक नाही, सांघिक नाही. फक्त मिश्र दुहेरी. एक पुरुष, एक महिला. साताऱ्यात त्या दिवशी आनंद झाला असणार, आणि तो योग्यच. पण गणित मांडून बघा. जगातल्या सर्वोत्तम संघातल्या तीन मुलींपैकी, भारताला जागा मिळालीच तर, एकच जाणार. ज्योती, परनीत आणि अदिती यांच्यात कोण, हे अमेरिकेत नाही, इथल्या निवड चाचणीत ठरेल. आणि तोवर खालून आणखी दोन-तीन जणी वर आलेल्या असतील. जिला अदितीनं बर्लिनला हरवलं आणि जिच्याकडून ती हांगझोऊला हरली, तिच्याशीच पुन्हा पंधरा-पंधरा बाण. लॉस एंजेलिसच्या वेळी अदिती २२ वर्षांची असेल, ज्योती ३२.